फक्कीच्या रेघेपाशी
आज सकाळी नातीच्या शाळेच्या मैदानावर फक्कीच्या रेघा मारत होते आणि तो चुन्याचा कोरडा वास नाकात गेल्याबरोबर मी भोरच्या नदीकाठच्या मैदानावर जाऊन उभी राहिले. संस्थानाचे दिवस होते. मुलींची पळण्याची शर्यत तिथे पहिल्यांदाच होणार होती आणि ती कोण जिंकणार हे अख्ख्या शाळेला ठाऊक होतं. ती माझ्याच वर्गातली, लग्न झालेली, मामाकडे राहून शिकणारी. कासोटा घट्ट मारून, पदर कमरेला खोचून ती सुटली की मागे आम्हाला नुसती धूळ दिसायची. बाईंना वाटलं, सुनेचं कौतुक सासऱ्यांनी डोळ्यांनी बघावं. म्हणून त्यांना वेल्ह्याहून मुद्दाम बोलावलं आणि शेवटच्या रेघेपाशीच मानाची खुर्ची दिली. शर्यत सुटली. ती पुढे, मी तिच्या मागे. रेघ हातभर राहिली असताना तिला सासरे दिसले. ती जागच्या जागी थांबली, पदर सोडवून डोक्यावर घेतला आणि मान खाली घालून उभी राहिली. म्हातारबुवा खुर्चीतून उठून ओरडले, "अगं, पळ की सूनबाई, म्या तेच बघाया आलोय!" तोवर मी रेघ ओलांडली होती. ती पुन्हा कधी शर्यतीत उतरली नाही. बक्षिसाचा पितळी पेला अजून माझ्या फडताळात आहे. आज नात पहिली आली, धावत येऊन माझ्या गळ्यात पडली. पण माझी नजर रेघेच्या अलीकडेच खिळली होती. तिथे अजून कोणीतरी पदर घेऊन उभं असतं.