पिनवरचा अंगठा

क्वीन्सलंडमधल्या आमच्या साखर कारखान्यात एरल पास्को तीस वर्षं हायड्रॉलिकची, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांची, दुरुस्ती करत होता. तोंडाचा फटकळ, पण हाताला गुण होता. मशीन अडलं की नवी पोरं लॅपटॉप उघडून बसत. हा तेलाचा व्हॉल्व्ह उघडणाऱ्या विद्युतचुंबकाच्या, म्हणजे सॉलेनॉइडच्या, कॉइलला स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवायचा. टोक ओढलं गेलं म्हणजे करंट येतोय, कॉइल शाबूत आहे. व्हॉल्व्हमधला दांडा घाणीनं अडकलाय. मग व्हॉल्व्हच्या टोकाची बारीक पिन अंगठ्यानं दाबायची, की दांडा सुटायचा. "कॉइल कसली बदलताय? आधी तिला विचारा तरी!" म्हणायचा.

ऑगस्टमध्ये गाळप ऐन भरात असताना उसाचे डबे उलटे करणाऱ्या यंत्राचं फाटक अर्ध्यात अडकलं. व्हिन्स तबोने नावाचा आमचा कामगार चिखल खरवडायला त्याखाली शिरला. शिरण्याआधी, रिवाजाप्रमाणे, त्यानं बंद मेन स्विचला स्वतःच्या नावाचं कुलूप घातलं. एरलनंही आपलं घातलं. मी वर यंत्र चालवायच्या केबिनमध्ये होते; तिथून खालचं सगळं दिसायचं.

"जेवायला बसलायस का रे आत?" एरल ओरडला.

"तू तुझं सॉलेनॉइड बघ, म्हाताऱ्या!" व्हिन्सचा आतून आवाज.

करंटच बंद, म्हणून स्क्रू-ड्रायव्हरचा उपयोग नव्हता. एरलनं मीटर लावला. कॉइल ठीक निघाली. मग सवयीनं त्यानं पिन दाबली. करंट नाही म्हणजे काही हलणार नाही, असं धरून चालला. पण साठवण टाकीत तेलाचा दाब तसाच होता, आणि तो सोडायचं काम त्याचंच होतं. दांडा सुटला आणि त्या दाबानं फाटक खाली आलं. व्हिन्सला ओरडायलाही वेळ मिळाला नाही.

चौकशीत व्हॉल्व्हमध्ये कचरा सापडला. साहेबांनी लिहून टाकलं: अडकलेला दांडा आपोआप सुटला, आणि दाब सोडलाय की नाही हे न विचारता व्हिन्स घाईनं आत गेला. एरल गप्प बसला. पिनवरचा अंगठा मी वरून पाहिला होता, तरी मीही गप्प बसले. त्याची मला आजही लाज वाटते.

चार आठवड्यांनी तो माझ्या दारात उभा. दाढी वाढलेली.

"कार्मनकडे चल. एकट्याला जमायचं नाही."

"तुरुंगात जाशील, एरल."

"चल म्हणतोय ना!"

व्हिन्सच्या बायकोनं, कार्मननं, आम्हाला चहा दिला. एरलनं कपाला हात लावला नाही.

"कार्मन, फाटक आपोआप नाही पडलं. पिन मी दाबली. दाबही मीच सोडायचा होता. व्हिन्सनं सगळं नीट केलं होतं."



"महिनाभर मी त्याला शिव्या घालतेय," ती म्हणाली. "उतावळा मेला, पोरांचासुद्धा विचार केला नाही, म्हणून. पोरांसमोर घालतेय." मग माझ्याकडे वळली. "तुला माहीत होतं?"

मी हो म्हटलं.

"पोरं आत आहेत," ती उठत म्हणाली. "त्यांचा बाप मूर्ख नव्हता, हे आता तुम्ही दोघं जाऊन सांगा. मला तोंड नाही राहिलं."