सर्वोत्तम बारा आणि आम्ही दोघी

कॉलेजच्या बास्केटबॉलच्या ग्रुपवर मला सगळे ‘न्यूझीलंड’ म्हणतात. ‘न्यूझीलंड उठलं का?’, ‘न्यूझीलंडचं मत आलं का?’ पुण्यातल्या ज्या कॉलेजकडून मी पाच वर्षं खेळले, तिथल्या जुन्या खेळाडूंचा हा ग्रुप. त्यात मुलगे भरपूर आणि मुली अगदी मोजक्या, कारण मुलगे नावावरून सापडले. मुलींची लग्नं झाली, आडनावं गेली, बऱ्याच जणींची पहिली नावंही गेली. मग शोधणार कशावरून? मी सापडले ती योगायोगाने. आमच्या वेळचा मुलांच्या टीमचा कॅप्टन माझ्या भावाला कुठल्याशा मुंजीत भेटला आणि त्याने माझा नंबर घेतला.

यंदा इकडे थंडी सुरू होताना ग्रुपवर त्याच कॅप्टनचा मेसेज आला. कॉलेजचं जुनं सिमेंटचं कोर्ट जाऊन तिथे छपराचा हॉल झाला होता. आतल्या भिंतीवर आजवरच्या सर्वोत्तम बारा खेळाडूंची नावं रंगवायची होती, मुलगे-मुली एकत्र. प्रत्येकाने आपली बारा नावं पाठवायची. मतं मोजायचं काम ग्रुपमधल्या सर्वांत ज्येष्ठ काकांकडे दिलं, कारण त्यांनी आमच्यापैकी कुणाचाच खेळ पाहिला नव्हता. त्यामुळे ते निःपक्षपाती.

मला त्या भिंतीवर जायचं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यापायीच झालं. मी चाळिशी कधीच ओलांडलेली बाई, ऑकलंडमध्ये एका सॉफ्टवेअर कंपनीत दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधायचं काम करते. गुडघा जिने उतरताना कुरकुरतो. पण बास्केटबॉल ही एकच गोष्ट मला कुणी न शिकवता, कुणाची परवानगी न घेता आली, आणि ती मला चांगली येत होती. ते कुठेतरी लिहिलेलं असावं असं मला वाटत होतं. इतरांना सांगताना मी अर्थातच ‘हॅ, कसली यादी नि कसलं काय’ असंच म्हणत होते.

स्वतःचं नाव सोडून बारा जणांची नावं मी पाठवून दिली आणि वाट बघत बसले. काका रोज तिकडच्या संध्याकाळी मतांची स्थिती टाकायचे आणि मला ती इकडे सकाळी बसमध्ये दिसायची. पहिल्याच दिवशी माझं नाव विसाव्या नंबरच्या आसपास होतं. त्याच्या दोन ओळी खाली आणखी एक नाव होतं. तेही माझंच होतं.

झालं होतं असं. पदवीची तीन वर्षं मी माहेरच्या नावाने खेळले. मग लग्न झालं, आणि लग्नात आमच्याकडच्या पद्धतीप्रमाणे नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने माझं नवीन नाव लिहिलं. ते सासूबाईंनी ठरवलं होतं. मला कुणी विचारलं नाही. पुढची दोन वर्षं मी त्याच कॉलेजात एमएस्सी केलं आणि नवीन नावाने, नवीन आडनावाने खेळले. ज्यांनी मला आधी पाहिलं त्यांनी एका मुलीला मत दिलं, ज्यांनी नंतर पाहिलं त्यांनी दुसरीला, आणि निःपक्षपाती काकांनी दोघींची मतं वेगवेगळी मोजली. दोन्ही नावं मी इथे लिहीत नाही. त्यांनी माझा पुरेसा छळ केलेला आहे.

आधी मला हसू आलं. मग ग्रुपवर वाद सुरू झाला आणि हसू पळालं.

‘पहिली काय डाव्या हाताने मारायची! तिच्यापुढे दुसरी काहीच नाही,’ कुणीतरी लिहिलं.

‘तुम्ही दुसरीला पाहिलंच नाहीत हो. रिंगखाली उभी राहिली की कुणाची टाप नव्हती.’

‘पहिली स्वार्थी होती. पास द्यायचीच नाही. दुसरी टीमसाठी खेळायची.’

लग्नानंतर मी पास द्यायला शिकले, हे मला असं परस्पर कळलं. मी ऑफिसमध्ये मीटिंगला बसून टेबलाखाली हे वाचत होते आणि अंगाचा तिळपापड होत होता. पहिलीची बाजू घ्यावी तर दुसरी पडते, दुसरीची घ्यावी तर पहिली. दोघींची मतं एकत्र केली तर मी आरामात बारात होते. एकेकटी ठेवली तर दोघीही बाहेर.

तुम्ही म्हणाल, मग सांगून टाकायचं. काय सांगायचं? ‘अहो, या दोघी मीच बरं का, जरा माझ्या मतांची बेरीज करा’? आपणच आपली टिमकी वाजवायची? आमच्या घरात, माहेरी आणि सासरीही, असं करणाऱ्या माणसाला पाठीमागे काय म्हणतात ते मी पुष्कळ ऐकलंय. मला वाटत होतं की आज कुणीतरी ओळखेल, उद्या कुणीतरी ओळखेल. कॅप्टन माझ्या लग्नाआधीच कॉलेजातून बाहेर पडला होता, त्याला पहिलीच माहीत. ज्यांना दोन्ही नावं माहीत होती त्या माझ्या बरोबरीच्या मुली ग्रुपवर नव्हत्या. त्या त्यांच्या त्यांच्या नवीन नावांत कुठे कुठे दडलेल्या.

त्या आठवड्यात मी घरात एका जागी बसले नाही. गराज आवरलं. आवरलेलं गराज पुन्हा आवरलं. कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला गेले आणि हात हलवत परत आले. दर पाच मिनिटांनी फोन बघत होते आणि कुणी बघतंय का तेही बघत होते.

‘पायाला भिंगरी लागल्यासारखी काय फिरतेयस?’ सासूबाईंनी विचारलं. त्या सासरे गेल्यापासून वर्षातले सहा महिने आमच्याकडे, ऑकलंडच्या माउंट रॉस्किल भागात, असतात.

‘काही नाही, आई. ऑफिसचं.’

सासूबाईंबद्दल एक सांगितलं पाहिजे, नाहीतर माझ्या बोलण्यावरून तुमचा गैरसमज होईल. लग्नानंतर मी खेळत राहिले ते त्यांच्यामुळे. नव्या सुनेच्या अर्ध्या चड्ड्या वाड्याबाहेरच्या दोरीवर दिसल्या तर आळीत चर्चा होईल, म्हणून त्या माझे खेळाचे कपडे आधी वाळत घालायच्या आणि वरून स्वतःचं ओलं लुगडं पसरायच्या. वाळायला दुप्पट वेळ लागायचा. पण सकाळच्या प्रॅक्टिसला ते घडी घालून माझ्या उशाशी असायचे. एवढं सगळं करणाऱ्या बाईने माझं नाव मात्र मला न विचारता पुसलं, ही गोष्ट मला कधी पचली नाही. इतकी वर्षं आम्ही त्यावर बोललोही नव्हतो.

मत द्यायची मुदत रविवारी दुपारी संपणार होती, म्हणजे तिकडच्या दुपारी. त्या रविवारी मी मुलीला घेऊन जवळच्या हिल्सबरोच्या बागेतल्या कोर्टवर गेले. ती इकडच्या तिच्या कॉलेजच्या टीममध्ये आहे. इकडे शाळेलाच कॉलेज म्हणतात. सासूबाईही आल्या, जाड स्वेटर, कानटोपी, पायात मोजे आणि मोज्यांवर जँडल्स, म्हणजे इकडच्या रबरी चपला. त्या बाकावर बसल्या. मुलगी शॉट मारत होती, मी तिला बॉल परत देत होते आणि मध्येच फोन बघत होते. एक बॉल माझ्या खांद्यावर आदळला.

‘मम्, व्हॉट इज राँग विथ यू?’ मुलीने कंबरेवर हात ठेवून विचारलं.

मग मी सगळं सांगितलं. म्हणजे भडाभडा ओकलेच. यादी, दोन नावं, वाद, काका. मुलीला मराठी सगळं कळतं, उत्तर फक्त इंग्रजीत येतं.

‘सो यू लॉस्ट टू युअरसेल्फ,’ ती म्हणाली. ‘जस्ट टेल देम, मम्. दे हॅव नो आयडिया.’

‘असं आपलं आपण सांगत नाहीत, बाळा.’

‘व्हाय?’

बाकावरून सासूबाई म्हणाल्या, ‘ती बरोबर बोलतेय. खेळलीस तू, धापा टाकल्यास तू, मतं तुझी. यात लाजायचं काय? लाव फोन.’

‘आई, ते बरं नाही दिसत.’

‘न दिसू दे. लाव.’

तिकडे सकाळ होती. कॅप्टनने फोन उचलला तेव्हा मागे कुकरची शिट्टी झाली. मी ऑफिसच्या सवयीने फोन स्पीकरवर ठेवला. मी अडखळत सांगितलं. तो इतका मोठ्याने हसला की मुलगी बॉल घेऊन जवळ आली.

‘म्हणजे आठवडाभर आम्ही तुझीच तुझ्याशी मारामारी लावून देत होतो? आणि तू गप्प बसून वाचत होतीस? कमाल आहेस!’ मग तो बेरीज करायला लागला. ‘अगं, तू पहिल्या पाचात आहेस! हे बघ, काकांना मी सांगतो. पण भिंतीवर नाव एकच येणार, कंस वगैरे नाही, पेंटरला आधीच सांगितलंय. कोणतं देऊ? सावकाश विचार करून सांग, घाई...’

मी त्याचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. माहेरचं नाव सांगितलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, शाळेत हजेरीला सांगावं तसं.

फोन ठेवला आणि मग लक्षात आलं की सासूबाई ऐकत होत्या. त्या हातातल्या रुमालाची घडी करत होत्या, उलगडत होत्या, पुन्हा करत होत्या. मला वाटलं, दुखावल्या. आणि खरं सांगते, मला वाईट वाटायच्या आधी चेव आला. इतक्या वर्षांचं भांडण माझ्या जिभेवर तयारच होतं.

‘आई, राग आला असेल तर येऊ दे. पण ते दुसरं नाव माझं नव्हतंच. तुम्ही ठेवलं होतं.’

‘हो. मीच ठेवलं.’ त्यांचा आवाज अगदी साधा होता. ‘माझं होतं ते.’

‘तुमचं म्हणजे?’ मी विचारलं.

‘माझं माहेरचं नाव. लग्न होऊन आले तेव्हा ह्यांच्या काकूंचं नाव तेच होतं. एका घरात दोघी एकाच नावाच्या नकोत म्हणून माझं बदललं. मग जुन्या नावाने कोण हाक मारणार? माहेरी मी थोरली, सगळ्यांची अक्का. नव्या नावाने तरी कुणी बोलावलं म्हणतेस? हे मला ‘अगं’ म्हणायचे. नंतर काकू, आई, आजी.’ त्यांनी रुमाल मांडीवर ठेवला. ‘तू यायची ठरलीस तेव्हा काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. म्हटलं, तुला ठेवावं. घरात दिवसभर ऐकू तरी येईल.’

‘यांना माहीत आहे?’ मी नवऱ्याबद्दल विचारलं.

‘त्याने कधी विचारलं नाही.’

मला रडू आलं आणि राग पण आला, आणि या वेळी राग कुणावर काढायचा तेच समजेना. समोर मोज्यांवर जँडल्स घातलेली ही बाई, हिच्यावर इतकी वर्षं मी मनातल्या मनात चिडत आले, आणि तिचं स्वतःचं नाव आयुष्यभर मी अंगावर वागवत होते. मुलगी बॉल छातीशी धरून आमच्याकडे आळीपाळीने बघत होती.

‘मी त्याला पुन्हा फोन करते,’ मी म्हणाले. ‘दुसरं नाव लिही म्हणते. अजून वेळ आहे.’

‘वेडी आहेस का? मी कधी त्या चेंडूला हात लावलाय? माझं नाव तिथे कशाला?’ त्या उठल्या, गुडघ्यावर हात टेकत. ‘तुझंच राहू दे. एकीचं तरी जागेवर राहू दे.’

तिथून आम्ही गाडीत बसलो. मला वाटलं होतं, एकदा यादीत आले की मन जागेवर येईल. ग्रुपवर अभिनंदनांचा पाऊस पडत होता, ‘न्यूझीलंड जिंदाबाद’ चाललं होतं, आणि मी सिग्नलला थांबल्यावरही स्टिअरिंगवर बोटं आपटत होते.

संध्याकाळी सासूबाई टेबलाशी मेथी निवडत बसल्या होत्या. मी समोर बसून उगाच कोथिंबीर निवडायला घेतली. आतून नवऱ्याने मला हाक मारली, त्या नावाने, रोज मारतो तशी. मी ओ देणार होते, तेवढ्यात सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान वर केली नव्हती, पण मेथीवरचे हात थांबले होते.

नवऱ्याने पुन्हा हाक मारली. मग आणखी एकदा, जरा मोठ्याने. मी मुद्दाम ओ दिली नाही.