आधी तोंड, मग छाती

सुलोचना सिस्टर नमस्कार नंतर करायच्या. आधी म्हणायच्या, "आ करा." ताप असो, खोकला असो, पायात काटा मोडलेला असो, आमच्या गावच्या उपकेंद्रात पाऊल टाकलं की पहिल्यांदा तोंड उघडायचं. पेनाएवढ्या टॉर्चनं त्या आत बघायच्या, हातमोजा चढवून हिरडी दाबायच्या आणि मग विचारायच्या, "हं, आता सांगा काय झालंय." आमचे चुलते एकदा वैतागले. म्हणाले, "बाई, आमी काय बाजारातले बैल हाव का दात बघायला?"

"बैलाचे दात बघायला लोक चार कोसावरनं येतात, अप्पा. तुमचे कोण बघतंय? म्हणून मी बघते."

अप्पांनी आ केला.

आमचं गाव माकणीच्या धरणापासून जवळ. सिस्टर आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीच्या, बौद्ध घरातल्या. बदली होऊन नव्या आल्या तेव्हा गावातली काही घरं त्यांच्या हातचा चहा घेत नव्हती. आमचं घर त्यातलंच एक, हे लपवण्यात अर्थ नाही. तोंडात बोटं घालून घ्यायला मात्र कुणाची ना नव्हती. सिस्टरना हे सगळं कळत होतं. एवढंच म्हणायच्या, "जंतू घर विचारून शिरत न्हाय. मग मी कशाला विचारू?"

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी मिरवून सांगते, कारण त्यामागं खुरपं धरलेले दोन हात आहेत, आईचे. मी धाराशिवला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा आईला धाप लागायला लागली. चार सरी खुरपल्या की ती बांधावर बसायची. सोलापूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, त्यानं हृदयाची एक झडप तेव्हाच बिघडवली आहे. ती बदलावी लागेल, आणि लवकर. पण कागदावर खाली आणखी एक ओळ होती: आधी दात आणि हिरड्यांवर उपचार, दातांच्या डॉक्टरचा दाखला, मगच ऑपरेशन.

दादा, म्हणजे माझे वडील, भडकले. "धाप छातीत लागायली आन् हे दात मोजायलेत! टाळायचा बहाणा हाय सगळा."

मी तो कागद सिस्टरना नेऊन दाखवला. त्यांनी दादांनाच बोलावून घेतलं.

"दाजी, धरणाची दारं बघितलीत ना? चांगल्या दारावरनं पाणी सरळ जातं. गंजलेल्या दाराला मात्र वाहून आलेलं शेवाळ धरतं. वहिनींची झडप तशी गंजलीय. आणि हिरडीतनं रोज रक्त येतंय. जिथनं रक्त बाहेर येतं, तिथनंच तोंडातले जंतू आत शिरतात आणि रक्तातनं थेट हृदयात जातात. नवी झडप बसवली आणि तिच्यावरच जंतूंनी ठाण मांडलं, तर?"

मी कॉलेजातली, मला गप्प बसवेना. मी विचारलं, "म्हणजे हिरड्या बिघडल्या की कुणालाही हार्टचा झटका येतो का?"

"तसं न्हाय, पोरी. दोन्ही रोग एकाच माणसात दिसतात लई वेळा. पण हिरडीमुळंच झटका आला, असं छातीठोक कुणी सांगत न्हाय अजून. तुझ्या आईची गोष्ट वेगळी हाय. झडप बिघडलेली असली की हा धोका खराच." आणि मग त्यांचं नेहमीचं वाक्य, "माहीत हाय तेवढंच बोलावं. पुढचं तपासून बोलावं."

मी बीएस्सी झाले, पण विज्ञान कसं बोलतं ते मला त्या दिवशी कळलं.

आता आईच्या तोंडाची गोष्ट. ती दिवसातनं चार वेळा मिश्री लावायची. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, तिची भुकटी करायची आणि बोटानं हिरड्यांवर घासायची. आमच्याकडं बाया याला व्यसन म्हणत नाहीत, दात घासणं म्हणतात. मी आणून दिलेला ब्रश तिनं दोन दिवस वापरला. रक्त आलं म्हणून ठेवून दिला. "तुझ्या बुरुसापरीस माझी मिश्री बरी. रक्त तरी काढत न्हाय."

दातांच्या डॉक्टरकडं लोहाऱ्याला जायच्या दिवशी आई पहाटेच उठली. न्हाली, नवं लुगडं नेसली. एसटीतनं उतरल्यावर स्टँडच्या भिंतीकडं तोंड करून तिनं दोन चिमटी मिश्री लावली, चांगली रगडून. डॉक्टरपुढं पारोशा तोंडानं कसं जायचं? डॉक्टरनं बघितलं तर सगळं तोंड काळं. तो म्हणाला, "आधी तंबाखू बंद करा, मग या." आम्ही तशाच माघारी आलो. वाटेत आई रडत होती.

सिस्टरना सांगितलं तर त्या डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. नंतर आईचा हात धरून म्हणाल्या, "सुमनवहिनी, तुम्ही तोंड धुऊनच गेला होता. तुमची चूक न्हाय. आमी कधी सांगितलंच न्हाय ती आमची चूक. डबी द्या माझ्याकडं. फेकणार न्हाय मी. तल्लफ आली की या, मागा, देते. फक्त आधी आरशात हिरडी बघायची."

पहिल्या दिवशी आई दोनदा गेली. सिस्टरनी तिच्या हातात आरसा दिला, ओठ वर करून टॉर्च मारला. सुजलेली, जांभळी हिरडी, दातापासून सुटलेली. आईनं आपलं तोंड आतून कधी बघितलंच नव्हतं. दोन्ही वेळा तिनं चिमूट घेतली. दुसऱ्या दिवशी एकदा गेली, आरसा बघितला आणि डबीला हात न लावता माघारी आली. "शिसारी आली बया," म्हणाली. त्यानंतर सिस्टर रोज सकाळी ड्यूटीवर जाताना आमच्या ओट्यावर उभ्या राहायच्या. मऊ ब्रश कसा धरायचा ते दाखवायच्या. "रक्त येतंय म्हणून थांबायचं न्हाय, वहिनी. रक्त येतंय म्हणूनच हळूहळू घासायचं."

पंधरा-वीस दिवस गेले. एका सकाळी आईनं चूळ टाकली आणि ओरडली, "आवं, इकडं या! रक्त न्हाय!" दादा म्हैस पिळायची सोडून धावले. शेजारच्या दोघीही आल्या. अंगणातली ती साधी ओली जागा आम्ही सगळे वाकून बघत होतो.

लोहाऱ्याच्या डॉक्टरनं मग औषध देऊन तीन हलते दात काढले, बाकीच्या हिरड्या खोलवर साफ केल्या आणि महिनाभरानं दाखला लिहून दिला. दाखला घेऊन दादा घरी आलेच नाहीत. आधी सिस्टरांच्या खोलीवर गेले, खाली सतरंजीवर बसले आणि म्हणाले, "बाई, चहा टाका." दोन कप प्यायले. गावानं बघितलं. बघू दे.

सोलापूरच्या सर्जननं आईचं तोंड तपासलं आणि म्हणाला, "उद्या पहिला नंबर." दुसऱ्या दिवशी ऑपरेशन सुरू झाल्यावर सहा तासांनी तो बाहेर आला तो हसतच. पुढच्या हंगामात आई सबंध पात एका दमात खुरपत होती आणि मी पदवीचा निकाल हातात घेऊन बांधावर उभी होते.

सिस्टर निवृत्त होऊन वाशीला गेल्या. गेल्या वर्षी वारल्या. पुण्यानुमोदनाला आम्ही तिघंही गेलो. वंदना झाली, मग दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं. मंडप एकदम शांत झाला आणि त्या शांततेत टिक टिक ऐकू यायला लागली. आईची झडप धातूची आहे, निवांत जागी ती वाजते. पुढच्या बाईनं वळून बघितलं, कुणाचं घड्याळ म्हणून. अशा वेळी बोलायचं नसतं हे आईला कुणी शिकवलेलं नव्हतं. ती मोठ्यानं म्हणाली, "माझं हाय ते. तुमच्या बाईंनी चालू ठेवलंय."

सिस्टरांचा मुलगा रडता रडता हसला. दोन मिनिटं संपल्याचं माइकवरनं सांगितलं, तरी कुणी खाली बसलं नाही. सगळा मंडप कान देऊन ऐकत होता.