एका सतरंजीवर दोन कंपन्या

भांडण कुणाचंही असो, तुळशीरामकाका काखेत सतरंजी मारून यायचे. भाऊ-भाऊ असोत की नवरा-बायको, दोघांना त्या निळ्या पट्ट्यांच्या सतरंजीवर गुडघ्याला गुडघा लावून बसवायचे. "चूक कोनाची थे मंग पाहू. पयले एका सतरंजीवर बसा." धामणगाव बढ्यात त्यांना पंच कुणी नेमलं नव्हतं, पण बोलावणं त्यांनाच यायचं.

मी त्यांचा शेजारी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच, आणि हे मी छाती काढून सांगतो. काका मात्र मला "काय बे बीएस्सी" म्हणायचे.

काकू गेल्यावर त्यांची एकुलती लेक रेखा म्हणाली, आता आमच्याकडे शेगावलाच राहा. काका उसळले, "जावयाच्या घरी खाट टाकनारा मी नाही!" ती रडत गेली. तरी रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा, आणि काका ओसरीत बसून आम्हाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलायचे.

मग त्यांच्या मोबाईलवर अपडेट आलं. काकांनी बटण दाबलं आणि दुसऱ्या दिवसापासून ओसरी शांत झाली.

"पोरगी रुसली बे," ते म्हणाले.

"मग तुम्ही लावा ना फोन."

"मी काऊन लावू? बाप हाव मी."

असे बरेच दिवस गेले. एकदा फवारणीचा पंप मागायला मी त्यांना फोन लावला. उचलेनात, म्हणून भिंतीवरून डोकावलो, तर फोन मांडीवर घेऊन बसलेले. पुन्हा लावला. माझ्या कानात रिंग जातेय, त्यांच्या मांडीवर चिडीचूप. काकांचा चेहरा पडला. "म्हंजे रेखा लावत असन?"

मी माझ्या फोनवरून रेखाला लावला आणि काकांचा फोन वाजतच नाही म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "भाऊ, रिंग पुरी जाते. थे उचलत नाहीत. फोनवर कायले ढकलून राह्यले?" आणि तिने फोन ठेवला.

आता फोनच बिघडलाय हे तिला पटेल असं कुणीतरी सांगायला हवं होतं. आम्ही बुलडाण्याला फोनच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. काकांच्या काखेत सतरंजी होतीच. काउंटरवरच्या ताई म्हणाल्या, "फोन आमचा आहे, पण आतलं सॉफ्टवेअर दुसऱ्या कंपनीचं. दोष त्याचा." मी त्या दुसऱ्या कंपनीच्या हेल्पलाईनला लावलं. तिकडून आवाज आला, "सॉफ्टवेअर आमचंच, पण तुमच्या फोनवाल्यांनी त्यात बदल केलेत. त्यांना विचारा." मी सेटिंगमधली सगळी इंग्रजी वाचली. वाचता येत होती, कळत काहीच नव्हतं.

तेवढ्यात काकांनी दुकानाच्या फरशीवर सतरंजी पसरली. "ताई, तुमी इथं बसा. अन् त्या दुसऱ्याले बोलवा."

ताईंना हसू आवरेना. "काका, ते इथे नसतात."

"मंग कुठी असते?"

ताईंनी हेल्पलाईनच्या नंबराकडे बोट दाखवलं.

"कमालच हाय! एकमेकाचं तोंड नाही पाह्यलं, अन् संसार एकाच डब्यात!"

मग ते स्वतःच सतरंजीवर बसले. समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. सतरंजी गुंडाळत म्हणाले, "बीएस्सी, शेगावची गाडी कवा हाय?"

शेगावला रेखा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, पुढे येईना. काकांनी तिच्या बैठकीत सतरंजी पसरली.

"रिंग जात होती, बाबा."

"हाव. इकडे येत नव्हती."

"मंग चूक कोनाची?"

"मले काय ठाऊक? थ्या दोन कंपन्याईलेच ठाऊक नाही. तू बस."

ती बसली, गुडघ्याला गुडघा लावून. जावईबापू चहा घेऊन आले आणि कप हातात धरून तसेच उभे राहिले. निघताना मी म्हटलं, "काका, चला." ते म्हणाले, "तू जाय बे. मी राह्यतो."

त्यानंतर गावात ते पाहुण्यासारखे येत. मागच्या उन्हाळ्यात वारले, ते रेखाच्याच घरी. खाट तिने आतल्या खोलीत, पंख्याखाली टाकली होती.

सतरंजी रेखाकडे आहे, काकांचा फोन माझ्याकडे. मध्ये आणखी एक अपडेट आलं. आता तो कधी वाजतो, कधी नाही. दोन्ही कंपन्यांना मी पुन्हा विचारलं. दोघांनीही दुसऱ्याकडे बोट दाखवलं. चूक कोणाची, मला अजून कळलेलं नाही. पण कुणाचा फोन बरेच दिवस आला नाही, की आता मी रुसत नाही. उठतो आणि त्याच्या घरी जातो.