सासऱ्यांचं नाव विचारणारा माणूस

"सासऱ्यांचं नाव काय?"

पंचवटीतल्या लॉजवर जोडपं आलं, की आमचे मॅनेजर चष्मा कपाळावर सरकवायचे आणि नवऱ्याला आधी हे विचारायचे. बायकोला तोवर चार हात लांब, बाकड्यावर बसवलेलं असे. मग तिच्याजवळ जाऊन हळू आवाजात, "वडिलांचं नाव?" दोन्ही नावं जुळली तर खोली. नाही जुळली तर "जागा नाही." मागे भिंतीवर सात-आठ किल्ल्या लटकत असल्या तरी जागा नाही.

तळमजल्यावर माझी खानावळ होती. काउंटर आणि माझी शेगडी यांच्यामध्ये नुसता पडदा, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. असा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. कुणी साधा नमस्कार केला तरी याच्या मनात येतं, हा का केला बरं? मी रोज त्यांना ताट वाढायची आणि रोज ते विचारायचे, "वहिनी, आमटी आजचीच ना?" मग दोन वाट्या ओरपायचे. मला असा राग यायचा म्हणून सांगू.

एकदा मालेगावकडचा एक नवा नवरा घाबरून सासऱ्यांचं नावच विसरला. नवरी रडायला लागली. मी पडदा सारून म्हटलं, "अहो, हातावरची मेंदी बघा, गळ्यातलं मंगळसूत्र बघा."

"मंगळसूत्र बाजारात मिळतं, वहिनी. आपण लय माणसं पाहिलीत."

शेवटी पिशवीतून लग्नपत्रिका निघाली तेव्हा कुठे खोली मिळाली. ती पत्रिकाही त्यांनी दाराशी नेऊन उजेडात धरून पाहिली.

तर अशा माणसासमोर एका शनिवारी सकाळी लासलगावहून दोघं येऊन उभी राहिली. दोघंही साठीची. गृहस्थ पोस्टातून निवृत्त झालेले, बाई शाळेतून. दोन दिवस नाशिक फिरायचं, संध्याकाळी सिडकोत नवऱ्याच्या बहिणीकडे जायचं आणि रविवारी कॉलेज रोडला स्वतःच्या मुलीकडे जेवायला, असा सगळा बेत बाईंनीच हौसेने सांगितला. मला तर त्या बघताक्षणीच आवडल्या.

मॅनेजरांचा चष्मा मात्र वर गेला. पोटची मुलगी गावात असताना लॉज कशाला?

"सासऱ्यांचं नाव?"

"रामचंद्र... नाही, थांबा," म्हणत ते गृहस्थ बाईंकडे पाहायला लागले. बिचाऱ्यांच्या तोंडात पहिल्या सासऱ्यांचं नाव आलं होतं. दोघांचेही जोडीदार जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि पंधरा दिवसांपूर्वी या दोघांनी रजिस्टर लग्न केलं होतं. हे त्यांनी सरळ सांगितलंही, पण लग्नाचा कागद घरी राहिलेला. मॅनेजर "बरं, बसा" म्हणाले, माझ्याकडून दोन चहा मागवले आणि ती दोघं चहा पीत होती तेवढ्यात, बाईंनी रजिस्टरात ओळख म्हणून लिहिलेला मुलीचा नंबर फिरवला.

"तुमच्या आई इथे एका गृहस्थांबरोबर आल्यात. लग्न झालंय म्हणतात. खरं का?"

मुलीला यातलं काही ठाऊक नव्हतं. बाई रविवारी जेवणं झाल्यावर तिला स्वतःच्या तोंडाने सांगणार होत्या, खरं तर त्यासाठीच आल्या होत्या. मुलीने त्यांना फोनवर बोलावलं. "अगं, ऐक तरी," एवढंच त्या दोन-तीनदा म्हणाल्या. मग रिसीव्हर ठेवून नवऱ्याला म्हणाल्या, "उद्या येऊ नको म्हणाली."

मी मॅनेजरांना पडद्याआड बोलावलं आणि तोंडाला येईल ते बोलले. "झालं समाधान? तुमच्या संशयापायी त्या बाईचं माहेरपण गेलं हो लेकीकडचं."  एरवी शब्दाला शब्द देणाऱ्या त्या माणसाने स्वतः दोघांच्या पिशव्या उचलल्या आणि नदीकडच्या खोलीत नेऊन ठेवल्या. ती दोघं दिवसभर कुठेच गेली नाहीत, बहिणीकडेही नाही. मी ताटं पाठवली ती तशीच परत आली.

रविवारी दहाच्या सुमाराला मुलगी रिक्षातून उतरली आणि तरातरा आत आली.

"आई कोणत्या खोलीत आहे?"

मॅनेजर काउंटरमागून उठले आणि जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर चक्क बसले.

"काय काम आहे?"

"माझी आई आहे ती!"

"असेल. तुम्ही काय बोलणार, ते आधी मला सांगा. त्या कालपासून जेवलेल्या नाहीत."

"तुम्ही कोण विचारणारे?"

"कालचा फोन माझा. त्यांना तुम्हाला समोर बसवून सांगायचं होतं, मी मध्ये कडमडलो. शिव्या द्यायच्या तर मला द्या."

मुलीचा आवाज खाली आला. "आईला घरी न्यायला आलेय मी."

"एकटीला?"

तिने वर जिन्याकडे पाहिलं.

"एकटीला असेल तर जिना बंद आहे," मॅनेजर म्हणाले.

ती दाराकडे वळली. मला वाटलं, जाते आता ही. मग पदराने नाक पुसून म्हणाली, "दोघांना. सरका आता."

पिशव्या घेऊन तिघं रिक्षाने गेली. दुपारी एक कुटुंब खोली मागायला आलं, चांगलं देवदर्शनाला आलेलं, तर मॅनेजर म्हणाले, "जागा नाही."

"अहो, नदीकडची मोकळी आहे की," मी म्हटलं.

"असू दे. मुलीचा भरवसा नाही, वहिनी. जेवता जेवता काही बोलली तर ही दोघं जातील कुठे?"

त्यांनी स्वतः चादरी बदलल्या, पाणी भरून ठेवलं आणि संध्याकाळी मी घरी निघाले तेव्हाही दारातच खुर्ची टाकून बसलेले होते.

पुढे ते लॉज विकलं गेलं. मॅनेजर निफाडला भावाकडे राहायला गेले आणि तिकडेच वारले, असं मला फार उशिरा कळलं. भेटायला जायचं राहूनच गेलं, याचं अजून वाईट वाटतं. त्यांची आठवण निघाली की मला दिसते ती त्या रविवारनंतरची सकाळ. मी शेगडी पेटवायला आले, तर ते अजून दारातच, कालच्याच कपड्यांत.

"दोघं परत आली नाहीत, वहिनी," ते म्हणाले. एखाद्याला मुलगा झाल्यावर तो जसा सांगत सुटतो, तसे ते त्या दिवशी दूधवाल्यालाही सांगत होते, पेपरवाल्यालाही सांगत होते, "नाहीच आली."