गैबीच्या वाटीतला फेस

…तर 'फुस्स' करून तो डब्यातला फेस गणपतरावांच्या गालावर बसला आणि गणपतराव डोळे उघडून आरशात बघायला लागले, इथवर काल आलो होतो. तेवढ्यात चहा आला आणि गोष्ट तिथंच लटकली. अर्धी गोष्ट आणि अर्धी दाढी घेऊन माणसानं घरी जाऊ नये म्हणतात. पण काल सगळे तसेच गेले.

काल जे नव्हते, त्यांनी एवढं ध्यानात घ्यावं. गैबी हा शुक्रवार पेठेतला न्हावी. बापाचं दुकान, बापाचीच खुर्ची. केस काय, कुणीही कापतो. गैबीचं नाव होतं ते फेसासाठी. बंबाचं कढत पाणी मगात घ्यायचा, त्यात ब्रश बुडवून ठेवायचा, तोवर गिऱ्हाइकाच्या गळ्याला फडकं बांधायचा. मग मनगटातनं एकदाच ब्रश झटकायचा. पितळी वाटीत साबणाची गोल वडी बसवलेली असायची, तिच्यावर ब्रश टेकवून हलक्या हातानं फिरवायला लागायचा. आधी मोठे मोठे बुडबुडे यायचे. त्यांना तो म्हशीचे डोळे म्हणायचा. "ह्यो फेस न्हवं. ह्यो नुसता बगायचा आन् सोडून द्यायचा." मग बोटानं पाण्याचा थेंब, परत फिरवणं, परत थेंब. वाटीतनं बारीक चरचर ऐकू यायची, ती मंदावत जायची आणि एका घडीला थांबायची. आवाज थांबला की गैबी स्वतःशीच मान हलवायचा. ब्रश उचलला की फेसाचा शेंडा उभा राहायचा, आणि पडायचा नाही. तो फेस मग केसाच्या उलट अंगानं गालावर गोल गोल घोळवायचा. माणसं तिथंच पेंगायची. तालमीतला एक पैलवान तर घोरत घोरत खुर्चीतनं खाली आला आणि उठून गैबीलाच म्हणाला, "डाव कुठला टाकलास रं?"

आणि गणपतराव? त्यांच्या म्हशी. संध्याकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढायचे आणि फेसासकट पेला हातात द्यायचे. दोघं एका गल्लीतले, एका शाळेतले, मास्तरांच्या एकाच छडीखाली वाढलेले. फेसाची घमेंड दोघांनाही.

"माझा फेस पिता येतोय," गणपतराव म्हणायचे. "तुझा पिऊन दाखीव की."

"तुझा फेस पिऊन मिशीला लागतोय," गैबी म्हणायचा, "त्यो पुसायला मलाच लागतंय न्हवं?"

दर रविवारी सकाळी म्हशी धुऊन झाल्या की गणपतराव येणार, खुर्चीत बसणार, डोळे मिटणार. गैबी फेस करणार. त्या वेळी दोघं बोलत नसत. पुढं जग बदललं तरी हा रविवार काही बदलायचा नाही, असं गैबीला वाटायचं.

मग करोना आला. लोक एकमेकांच्या सावलीला भिऊ लागले, तिथं ब्रशाला कोण गाल देणार? गैबीचा थोरला तोहिद पुण्याहून काम शिकून आला होता. त्यानं दुकानात मोठे आरसे लावले, गरम टॉवेल आणले आणि फेसाचे डबे आणले. "आब्बा, सगळ्या गावाच्या तोंडाला एकच ब्रश? लोक आता बगत्यात वो." पोराचं चुकत होतं असं नाही. वाटी आणि ब्रश खणात गेले. पण गणपतरावांसाठी रविवारी खण उघडायचा, असं गैबीनं ठरवलं होतं आणि बरेच रविवार पाळलंही होतं.

तो रविवार लग्नसराईतला. बाकावर माणसं दाटलेली, एक नवरदेव तर उभाच. गैबीचं मनगट दुखत होतं. खण उघडायचा, ब्रश भिजवायचा, कोण थांबणार? हात डब्याकडं गेला.

गणपतरावांनी आरशात बघितलं. "हे काय गा?"

"नवीन हाय. झटक्यात हुतंय."

"झटक्यात," गणपतराव म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. दाढी झाली. एरवी उठल्यावर दोन्ही गालांवरनं हात फिरवून "व्हय, जमलं" म्हणायचे. त्या दिवशी हात फिरवला नाही. फडकं स्वतःच सोडलं आणि गेले.

पुढच्या रविवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्यालाही नाहीत. गैबीला वाटलं, म्हैस व्याली असेल, पावणं आलं असतील. मग एक दिवस ते रस्त्यानं जाताना दिसले आणि तोंडावर चांगली दाढी उगवलेली.

समोरच्या पानपट्टीतला बाळासो म्हणाला, "नवस हाय."

"कशावरनं?"

"पोराला पोर न्हाई अजून. सम्राटच्या लग्नाला किती वर्सं झाली? म्हाताऱ्यानं जोतिबाला बोलून दाढी सोडलीया. आपून इचारायचं न्हाई गा, उगंच पाप."

आता नवसाच्या दाढीची आमच्याकडं एक रीत आहे. ती कशासाठी ठेवलीय, हे विचारायचं नाही. विचारलं की नवस उघडा पडतो. आणि न्हाव्यानं तर त्या माणसाला थट्टेतसुद्धा खुर्चीकडं बोलवायचं नाही. कात्री लागायची ती डोंगरावर, देवासमोर. गैबी पाच वेळचा नमाजी. पण पेठेतला नवस सगळ्या पेठेचा, हे बापानं त्याला वस्तऱ्याआधी शिकवलेलं. त्यानं रीत पाळली. अशी पाळली की विचारू नका.

दर रविवारी गणपतराव दुकानावरनं जायचे. दारासमोर आले की चाल मंद व्हायची. गैबीला ते आरशात दिसायचं. तो हातातलं काम थांबवायचा, वळायचा, छातीवर हात ठेवून मान खाली घालायचा. देवाचा माणूस चाललाय, वाट सोडून उभं राहावं, तसा. मान वर करीपर्यंत गणपतराव पुढं गेलेले असायचे.

घरी चाँदबी म्हणायची, "दोस्त है ना तुमारा? हाक मारो की एकदा."

"नवस हाय त्येचा. गप."

"नवस दाढीका हाय. बोलनेका थोडाच हाय?"

बायको बरोबर बोलते हे कळायला नवऱ्याला नेहमी उशीर होतो. गैबीला चार-पाच वर्षं लागली.

मधे सम्राटला मुलगी झाली. गणपतरावांची सून क्रांती स्वतः पेढे घेऊन दुकानात आली. गैबीचा आनंद गगनात मावेना. आता म्हातारा डोंगरावर जाईल, केस देईल, गुलाल लावून येईल आणि रविवारी इथं बसेल. त्यानं खणातली वाटी काढून चिंचेनं घासली. रविवार आला. गणपतराव दारावरनं गेले, दाढीसकट.

बाळासोनं पानाला चुना लावत सांगितलं, "मुलगी झाली न्हवं? मुलग्याचा नवस असंल."

आणि गैबीनं तेही मानलं. वाटी परत खणात गेली.

यंदा दसऱ्याच्या आधी क्रांती परत दुकानात आली. या वेळी हातात पेढे नव्हते. "चाचा, मामंजींचं काळजाचं आप्रेशन हाय. परवा भरती करायचंय. नळ्या घालायला, तोंडावर मास्क बसवायला दाढी काढून आणा म्हणालेत डॉक्टर. आत्तींनी तुमाला बलवलंय."

तोहिद लगेच मशीन उचलायला लागला. "मी जातो आब्बा, दोन मिंटाचं काम."

"बस खाली," गैबी म्हणाला. त्यानं खण उघडला. ब्रशाचे केस काड्यांसारखे ताठ झाले होते. साबणाच्या वडीला भेगा पडलेल्या. तसंच सगळं पिशवीत घातलं आणि निघाला.

वाटेत त्याच्या मनात एकच घोर. नवस फिटला नसताना वस्तरा लावायचा कसा? उद्या आप्रेशनात काही उणंअधिक झालं तर? गणपतरावांच्या घरात शिरला, तर ते सोप्यात खुर्चीवर बसलेले, भिंतीकडं तोंड. गैबी त्यांच्याशी न बोलता आधी त्यांच्या बायकोकडं, म्हणजे क्रांतीच्या आत्तींकडं गेला. तिला सगळी पेठ आक्का म्हणते.

"आक्का, देवाला इचारलंसा न्हवं? कौल घेतलासा? नवसाच्या दाढीला मी असा हात लावू कसा?"

आक्का बघतच राहिली. "कसला नवस, भावजी?"

"दाढीचा."

"नवस?" आक्कानं कपाळाला हात लावला. "आवो, कसला नवस घिऊन बसलाय! तुमच्या दुकानात ह्यांच्या तोंडावर त्यो डबा मारला, त्या दिसापासनं रुसून बसलंय हे म्हातारं. म्हणलं, दुसऱ्याकडं जावा. तर न्हाई. गैब्याबिगर दुसऱ्याचा हात लावून घ्यायचा न्हाई, आन् गैब्यानं हाक मारल्याबिगर त्येच्याकडं जायचं न्हाई. दर रविवारी अंघूळ करून, धुतलेला सदरा घालून जायचं. आन् परत येऊन गोठ्यातल्या बादलीला लाथ. 'आज बी न्हाई बलवलं. लांबनंच रामराम करून वाटंला लावलं.'"

गैबीच्या हातातली पिशवी खाली आली. छातीवर ठेवलेला हात, खाली घातलेली मान, एकेक रविवार त्याच्या डोळ्यांपुढनं गेला. अख्ख्या पेठेतल्या माणसांत एकालाही वाटलं नाही, की म्हातारा नुसता रुसला असेल! देवाचं नाव आलं आणि सगळ्यांची तोंडं बंद झाली, त्यात त्याचंही.

तो सोप्यात आला. क्रांतीनं कढत पाणी आणून ठेवलं. गैबीनं ब्रश बुडवला, बराच वेळ बुडवून ठेवला. कात्रीनं दाढी उतरवली. पांढऱ्या झुपक्यांनी फडकं भरलं. गणपतराव डोळे मिटून होते. दाढीखालनं जो चेहरा निघाला, तो गैबीच्या ओळखीचा नव्हता. गाल आत गेलेले, कातडी सैल. हनुवटीखालचा विटीच्या घावाचा व्रण तेवढा जुना, तोही आता सुरकुतीत शिरलेला. चाळीस वर्षं हा चेहरा आठवड्या-आठवड्यानं त्याच्या हाताखालनं गेला होता. आणि म्हातारपण मात्र त्याच्या हाताखालनं न जाताच येऊन बसलं होतं.

त्यानं वाटीत ब्रश फिरवायला घेतला. वडी भिजेना. पाणी घातलं. मनगट पहिल्यासारखं वळत नव्हतं. बुडबुडे आले, मोठे मोठे, आणि फुटून गेले. परत पाणी घातलं. वाटीतली चरचर काही थांबेना.

डोळे न उघडता गणपतराव म्हणाले, "पानी लई झालं."

इतक्या वर्षांतला पहिला शब्द.

"तू म्हशीचं बग," गैबी म्हणाला. पण त्यानं पाणी ओतून दिलं आणि नव्यानं सुरुवात केली.

आतल्या खोलीत क्रांतीची मुलगी रडायला लागली, मग गप झाली. आक्का दाराला टेकून उभी. गैबी फिरवत राहिला. हात भरून आला तसा दुसऱ्या हातानं मनगट धरून फिरवलं. फेस हळूहळू दाटला, बारीक झाला. पहिल्यासारखा नाही झाला. शेंडा उभा राहिला आणि किंचित कलला. गैबीनं तो बघितला, आणखी एक थेंब टाकावा का म्हणून बोट पाण्यापर्यंत नेलं आणि मागं घेतलं. मग ब्रश गणपतरावांच्या गालाला टेकवला आणि गोल गोल फिरवायला लागला. गाल इतके खोल गेले होते, की ब्रश आधी खड्ड्यात जायचा आणि मग बाहेर यायचा.

गणपतरावांचा श्वास सावकाश झाला. पेंगले असं वाटलं. पण त्यांनी डोळे उघडले आणि फेसातनंच विचारलं,

"गैब्या, इतक्यांदा दारावरनं गेलो. एक हाक मारली असतीस तर तुझं काय गेलं असतं?"

गैबीचा हात थांबला नाही.

"मारायची हुती गा. दर रविवारी तोंडापतुर यायची. पर तू देवाचा झालायस असं समजून बसलो. माझ्यावर रुसलायस म्हणून कळलं असतं तर बखोटीला धरून आणला असता. देवानं धरलेल्या माणसाला कुठल्या तोंडानं माघारी मागू? आता मान वर कर. गळा ऱ्हायलाय."