पुस्तकात नसलेलं मीठ

जुनं अक्षर वाचण्यात माझा हात धरणारं आमच्या ऑफिसात कुणी नव्हतं, आणि हे सांगायला मी तेव्हाही लाजत नसे. तीनशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज बायकांचं अक्षर मला नवऱ्याच्या अक्षरापेक्षा लवकर लागायचं. १९८८ साली मी इंग्लंडातल्या पिनरहून, जिथे आमचं घर होतं, ट्रेनने एका जुन्या कागदपत्रांच्या संग्रहालयात जायचे. नोकरी हंगामी होती. एका घराण्यातली हस्तलिखित वही मी उतरवून काढत होते, आणि ती किती बिनचूक उतरते यावर माझं कायम होणं अवलंबून होतं.

वहीत अख्खा संसार होता. खोकल्याचं औषध, शाई करायची रीत, लोकरीतली कसर, मोलकरणींना धाकात कसं ठेवायचं, आणि मधेच पुडिंग. आईने सुरू केलेली, लेकीने पुढे चालवलेली. मापं म्हणजे मूठभर पुदिना, अक्रोडाएवढं लोणी. माझे सहकारी या मापांना वैतागायचे. मी अंदाजपंचे स्वयंपाकात वाढलेली, मला त्यात काहीच अवघड वाटत नसे.

संग्रहालय लोकांसाठी खुलं ठेवायच्या दिवशी वहीतला एक पदार्थ करून द्यायचं ठरलं. मीच पुढे झाले. वेम्बलीच्या देशी दुकानातून वाळलेले वाटाणे आणले, फडक्यात बांधून उकडले, घोटले, त्यात ताजं लोणी, पुदिना, मिरपूड घातली. वहीत मीठ नव्हतं, म्हणून मीही घातलं नाही. आणि चाखलंही नाही. देवाला दाखवण्याआधी चाखायचं नाही, ही सांगलीच्या घरची शिस्त मी लग्नानंतर दहा वर्षं पिनरमध्ये पाळत होते. नवरा रोज वरून मीठ घ्यायचा, ती मला त्याची खोड वाटायची.

लोक "व्हेरी इंटरेस्टिंग" म्हणाले. इंग्रज माणूस जेवताना असं म्हणाला की यजमानाने काय ते समजावं. आमच्या प्रमुख बाईंनी दुसरा घास घेतलाच नाही. मला बाजूला नेऊन त्या म्हणाल्या, "उतरवताना एखादी ओळ सुटली तर नाही ना तुमच्याकडून?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वयंपाकाला खुशाल नावं ठेवा, पण वाचनाला? दुसऱ्या दिवशी मी वही त्यांच्यापुढे उघडली आणि ओळीओळीवर बोट ठेवून वाचून दाखवली. रोजच्या सारात, भाजीत कुठेच मीठ नव्हतं. मीठ होतं ते फक्त मांस खारवायच्या पानावर, तेही वजन लिहून.

"रोजचं मीठ लिहायची तिला गरजच नव्हती," मी म्हटलं. "लेक तिच्या शेजारी उभी राहून शिकली होती. लेकीला माहीत नाही तेवढंच आई लिहिणार."

बाईंनी वही मिटली. "वाचन बिनचूक आहे. पण चाखलं का नाहीत?"

मी देवाचं कारण सांगितलं.

"पण काल तर माणसंच जेवायला होती," त्या म्हणाल्या.

आठवड्याभरात कायम झाल्याचं पत्र आलं. शनिवारी सकाळी मी सांगलीला आईला फोन लावला. आधी नोकरीचं सांगितलं, मग अळणी वाटाण्यांचं. सगळ्यांसमोर फजिती झाली पण तुझी शिस्त मोडली नाही, हेही जरा मिरवूनच सांगितलं.

आईने मला मधेच थांबवलं.

"अगं, सणावारी नैवेद्य असला तरच चाखायचं नाही," ती म्हणाली. "एरवी मी रोज चाखायचे. तुमची पाठ वळली की."

"मग मला कधी सांगितलं का नाहीस?"

"आता हे काय सांगायचं? मला वाटलं, तुला माहीत असेल."